तोंड लावलेली पत्ती

त्यांनी वसंताचं तोंड माझ्यासमोर धुतलं.

मी खाली अंगणात, खळ्यात उभा होतो. वसंता वर ओटीच्या कडेला वाकलेला. त्याची आई तांब्यातून पाणी ओतत होती आणि त्याचे वडील, तात्या खोत, चुळा मोजत होते. आधी पाण्याच्या, मग गोमूत्राच्या. वसंता सतरा वर्षांचा, मिसरूड फुटलेला, मालवणच्या हायस्कुलात जाणारा. त्याला ओकारी आली. तात्या म्हणाले, ओक, सगळं बाहेर पडू दे. सगळं म्हणजे माझी थुंकी.

मला जा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. थांब म्हणूनही नाही. पण पाय हलत नव्हते. मी, बावीस वर्षांचा बाप्या, तिथंच उभा राहिलो. आज हे लिहिताना राग येतो, पण त्या वेळी राग-बिग काही नव्हता. नुसती भीती होती.

आम्ही देवळाचे वाजंत्री. बाबा सनई वाजवायचे आणि मी त्यांच्यामागे सूर धरायचो. सूर धरायचा म्हणजे दुसऱ्या सनईवर एकच स्वर, न तोडता. गालात हवा साठवायची, नाकानं श्वास घ्यायचा, आणि पालखी देवळाला फेरी मारून टेकेपर्यंत आवाज खंडू द्यायचा नाही. सूर तुटला तर देव कोपतो, गावावर काहीतरी येतं, आणि ते आणणारा वाजंत्री असतो, असं मला सहाव्या-सातव्या वर्षापासून सांगितलेलं. मी सनई शिकलो ती धाकानं. आवड नंतर आली. देवाला आमची सनई चालायची, पण बसायचं पायऱ्यांखाली. ढोलवाला आमच्यातलाच, तो एक पायरी वर बसायचा, कारण ढोल हातानं वाजतो. सनईला तोंड लावावं लागतं.

खोती कायद्यानं गेली होती. खोत कुठेच गेले नव्हते. आमच्या घराखालची जमीन त्यांची, आमची विहिरीची वाट त्यांच्या कुंपणातून.

वसंताला सनईचं वेड रेडिओनं लावलं. गावात एकच रेडिओ, तो त्यांच्या माजघरात. सकाळी त्यावर सनई लागायची. त्याच्या मुंबईच्या काकानं पत्रात लिहिलं की आता मोठमोठ्या बैठकींत सनई वाजते, कोटवाले लोक पुढे बसून ऐकतात. झालं. आमच्या तोंडात असताना जी हलकी होती ती रेडिओतून आल्यावर कला झाली. काकानं चांदीच्या कड्यांची सनई धाडली. शिकवायला मात्र कोटवाला कोणी मिळेना, तेव्हा मला बोलावणं आलं.

मला आनंद झाला, ते कशाला लपवू. घरी येऊन आयेला सांगितलं, मी मास्तर झालो. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता एवढंच म्हणाली, सांभाळून रे.

मास्तर खळ्यात आणि शागीर्द ओटीवर. मी त्याला 'वसंतराव, तुम्ही' म्हणायचो, तो मला 'काय रे, तू'. त्याच्या सनईला मी हात लावायचा नाही. बोटं कुठे ठेवायची ते मी माझ्या सनईवर दाखवायचो आणि तो वरून बघून तसं करायचा. चुकला की मी सांगायचो, जरा वरचं बोट. तो विचारायचा, कुठलं वरचं? काठावर बसून पोहायला शिकवावं, तसा तो सगळा प्रकार होता. तरी चार महिने रेटला.

बोटं अशी शिकवता येतात. पत्ती शिकवता येत नाही. पत्ती म्हणजे सनईच्या टोकाला बसते ती सुक्या ताडपानाची जीभ, दोन पातळ पाती दोऱ्यानं बांधलेल्या. कोरडी पत्ती बोलत नाही. ती तोंडात धरून भिजवावी लागते, ओठांनी उघडावी लागते, आणि पुरेशी भिजली की नाही हे फक्त जिभेला कळतं. आजोबांनी आपल्या तोंडातली पत्ती बाबांना दिली, बाबांनी मला. आमच्यात शिकवणं म्हणतात ते हेच. बाबांनी मला बोलून फारसं काही सांगितलेलं नाही. त्यांनी भिजवलेली पत्ती मी तोंडात घेतली आणि कळलं, एवढी ओली हवी, एवढीच उघडी हवी.

त्या दिवशी वसंताची पत्ती मिटून बसली. हायस्कुलाचं संमेलन जवळ आलेलं, तिथं तो वाजवणार होता. फुंकतोय, फुंकतोय, आणि नुसती फुसफुस. रडकुंडीला आला. शेवटी त्यानं पत्ती काढून पायरीवर ठेवली. मास्तरच्या हातात द्यायची नाही, खाली ठेवायची, हे तो विसरला नव्हता. विसरलो मी. उचलली आणि घातली तोंडात. भिजवली, ओठांनी उघडली, हलकेच वाजवून बघितली आणि परत पायरीवर ठेवली. त्यानं ती उचलून सनईला बसवली आणि तशीच तोंडाला लावली. पुसलीसुद्धा नाही. सूर लागला. असा भरून लागला की वाजवता वाजवता तो माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसला. मीही हसलो. चार महिन्यांत पहिल्यांदा मी मास्तर होतो आणि तो माझा शागीर्द.

दारात तात्या उभे होते.

चुळा झाल्यावर त्यांनी ती पत्ती चुलीत घालायला लावली. सनई घातली नाही, ती महागाची. ती गोमूत्रानं पुसून घेतली. लाकूड शुद्ध होत होतं. मग ते माझ्याकडे वळले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं, पण ते अगदी हळू बोलले.

"पुनवेक पालखी आसा. सगळ्या गावासमोर तुझी पत्ती तुझ्या हातान मोडूची. आणि सांगूचा, ह्या तोंडान परत सनई वाजूची नाय. नायतर घराखालची जमीन कोणाची, तां बापाशीक इचार."

पुनवेला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मला अन्न गोड लागलं नाही. कुंपणाशी पाचोळा वाजला की वाटायचं, आले. कुत्रं भुंकलं की मी घराच्या मागच्या दाराकडे बघायचो. शाळेतल्या मास्तरांना भीत भीत विचारलं तर ते म्हणाले, अरे आता कायदा झालाय. कायदा मालवणच्या कचेरीत होता. आमच्या गावात खोत होते.

तिसऱ्या दिवशी बाबा माझ्याजवळ येऊन बसले. मी त्यांना इतकं मऊ बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"मोड रे, मोड. पत्तये धा मिळतत. घर गेलां तर आमी खंय जातलंव?"

बरोबरच होतं त्यांचं. पत्ती आज मोडली तर उद्या दुसरी बांधता येते. मीही मनात मोडूनच टाकली होती. मला लाज वाटते सांगायला, पण मला तात्यांचं खरं वाटायला लागलं होतं. माझ्या तोंडात काहीतरी घाण आहे, असं. मी राखेनं दात घासायचो, सकाळी, दुपारी, जेवलो नसलो तरी. जीभ खरवडायचो. हिरड्या सोलवटून निघाल्या. एका सकाळी परसात थुंकलो तर लाल. त्या लाल थुंकीकडे बघत मी बसलो आणि मला घाम फुटला. तात्या आमच्या परसात नव्हते. तांब्या माझ्याच हातात होता. चुळा मीच मोजत होतो.

म्हणून मी काही ठरवलं, असं नाही. ठरवायला धीर लागतो. पण त्या दिवशी मी राखेचं मडकं उचलून माडाच्या मुळात रितं केलं.

पुनवेला तिन्हीसांजेला सगळा गाव देवळासमोर जमला. पालखी अबोलीच्या वळेसरांनी, गजऱ्यांनी मढवलेली. मानकरी पायऱ्यांवर, बायका एका अंगाला, आम्ही खाली. वसंता तात्यांच्या मागे उभा होता आणि आपल्या पायांकडे बघत होता. तात्यांनी मान हलवली. मी सनईची पत्ती काढली. मोडायलाच काढली होती, खोटं कशाला बोलू? पण बोटांना जन्माची सवय. ती तोंडाकडे गेली. पत्ती ओठांत धरली तेव्हा कळलं, तोंड खडखडीत कोरडं आहे. भीतीनं सगळं आटून गेलं होतं. ज्या थुंकीवरून एवढं रामायण, तिचा थेंबसुद्धा माझ्याकडे नव्हता. आणि एवढा सगळा गाव तिला भिऊन उभा होता.

"मी मोडूचंय नाय," मी म्हटलं.

आवाज चिरका निघाला. मागच्यांना ऐकू गेला नसावा, कारण कोणीतरी विचारलं, काय म्हणाला? मी परत म्हटलं. छाती पुढे काढून वगैरे नाही. माझी फाटली होती, आणि धोतराचा सोगा मुठीत घट्ट धरलेला होता.

तात्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. बाबांकडे बघितलं. बाबा उठले. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो, मेलेल्या माणसासारखा पांढरा झाला होता. ते माझ्याकडे पाठ करून मानकऱ्यांना म्हणाले, "ह्यो माझो झील नाय. पालखी उचला." आणि पोटच्या मुलाला असं नाकारून त्यांनी सनई तोंडाला लावली.

मी वळलो आणि चालायला लागलो. मागे बाबांची सनई सुरू झाली. एकटी. सूर धरायला कोणी नव्हतं, त्यामुळे ती उघडी पडल्यासारखी ऐकू येत होती. मी जन्मभर ज्याला भ्यालो ते झालं होतं, सूर तुटला होता. मी थांबून वाट बघितली. पालखी निघाली. भालदार ओरडला, बायकांनी हात जोडले. कोणाला काही झालं नाही. देवाला आमचा सूर लागतच नव्हता. आम्हाला पायऱ्यांखाली बसवून ठेवायला तो धाक लागत होता.

त्याच रात्री गाव सोडलं; वेंगुर्ल्याला पोचेपर्यंत मी प्रत्येक वळणावर मागे बघत होतो. कोणी आलं नाही. घर बाबांनी राखलं. मला त्यांनी त्या संध्याकाळी टाकलं म्हणून त्यांचं घर राहिलं. पुढच्या वर्षी आये वारली तेव्हा मला आठ दिवसांनी कळलं.

वेंगुर्ल्यात मी लग्नं वाजवली, बारशी वाजवली. आता एका शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत शिकवतो. बंदरावरच्या खारव्याचा मुलगा येतो, शिंप्याची मुलगी येते, काजूच्या कारखान्यात कामाला जाणारे दोघे येतात. पहिल्या दिवशी मी पत्ती माझ्या तोंडात भिजवतो आणि त्यांच्या हातात देतो. ज्याचं तोंड वाकडं होतं त्याला दार दाखवतो. काही घरंदाज मुलं अशी परत गेली आहेत. प्रत्येक वेळी मला वाटतं, आता यांचे बाप येतील. अजून भीती वाटते.

काल, इतक्या वर्षांनी, वसंता आला होता. कचेरीत नोकरीला आहे, बुशशर्ट, हातात छत्री. दारातून आत आला नाही. बोलला कचेरीतल्या मराठीत, आणि चक्क 'तुम्ही' म्हणाला. तात्या अंथरुणाला खिळले आहेत. बाबांचा दम सरला आहे, गेली दोन वर्षं पालखी अर्ध्यावर थांबते, ते खोकत बसतात. गावानं मागचं सगळं सोडून दिलं आहे, तुम्ही या.

मी विचारलं, "बसतलंय खंय?"

तो छत्रीच्या टोकानं उंबऱ्यावरची माती उकरत राहिला. मग म्हणाला, पायऱ्यांखालीच, सगळं एकदम कसं बदलणार? आणि वर हेही म्हणाला, तुमच्या बाबांच्या घराचं मी आजवर बघत आलो, पण वाजंत्र्याची जागा वाजंत्र्यालाच मिळते, पुढे माझ्या हातात किती राहील सांगता येत नाही. इतकं गोड बोलला. तात्यांची जमीन, तात्यांचीच धमकी, फक्त भाषा कचेरीतली.

शिकवणी चालू होती, पत्ती बोलतानाही माझ्या गालात धरलेली होती. मी ती काढली आणि त्याच्यापुढे धरली. त्याला आयुष्यात पहिल्यांदा मी 'तू' म्हटलं.

"घे. तोंडात घाल. मग येतंय."

त्याचा हात उठला. खरंच उठला, अर्ध्यापर्यंत. मग त्यानं रस्त्याकडे बघितलं आणि त्याची कचेरी गळून पडली. "लोकां बघतत," तो म्हणाला.

मी पत्ती परत तोंडात घेतली. पोरं माझ्याकडे बघत होती. भीती पुन्हा तशीच होती, त्या खळ्यात होती तशी. मी त्याला सांगितलं की मी येतो, उद्याच येतो, पण सनई आणणार नाही. बाबांना न्यायला येतो. घर तुझं, जमीन तुझी, ठेव. पालखीचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा.

हे लिहितोय आणि पहाटेची एस.टी. धरायची आहे. बाबा येतील की नाही, माहीत नाही. मला झील म्हणतील की नाही, तेही माहीत नाही. गावाच्या वेशीत पाऊल टाकायच्या नुसत्या विचारानं माझं तोंड आत्तापासून कोरडं पडलंय. पडू दे. त्या म्हाताऱ्याला मी पायऱ्यांखालून उठवणार, नाही म्हणाला तरी खांद्यावर घालून आणणार. आमच्या घराण्यातला एकही श्वास यापुढे त्या देवळासमोर खर्च होणार नाही.