खाकी कव्हर घातलेलं पुस्तक

मंडळी, धंदा, तंत्रज्ञान, विज्ञान यांवर काय वाचावं, असं मी काल इथे, या ग्रुपवर, विचारलं होतं. आज सकाळी शेजारच्या जोशीकाकांनी एक पुस्तक आणून दिलं. माणसं प्रतिष्ठेसाठी काय काय करतात, यावरचं. त्याला खाकी कव्हर, वर नाव नाही.

"काका, हिंजवडीच्या बसमध्ये वाचेन म्हणतो. कव्हर काढू?"

"का? वाचणार तू आहेस की बस?"

कव्हर तसंच राहू दिलं.

बसमध्ये शेजारच्या सहकाऱ्याने विचारलंच, "काय वाचतोयस?" एरवी मी पुस्तक नुसतं उचलून दाखवतो. आज म्हणालो, "थांब, आधी वाचतो, मग सांगतो." वाकडपर्यंत खरंच वाचलं.

तुम्हीही सुचवा. पण पुस्तकातलं काय लक्षात राहिलंय, ते आधी लिहा. नुसती नावं टाकणाऱ्यांना काकांकडे पाठवण्यात येईल.