भाऊजींचं सूत काढायचं यंत्र

भाऊजी गेल्याची तार मिळाली तेव्हा मी चंद्रपूरला ऑफिसात होतो. ब्रह्मपुरीला जीप बदलून वैनगंगेपलीकडच्या त्यांच्या गावी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. महिना होत आला, अजून नीट रडूही आलेलं नाही... नुसता थकवा आहे.

भाऊजी, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, जिला मी बाई म्हणतो तिचे यजमान, सरकारी कोसा केंद्रात शिकवायचे. आमच्याकडे बायका रानातल्या कोशांचं रेशीम उघड्या मांडीवर घासून काढतात. बाईची मांडी लग्नाआधीपासूनच राठ पडलेली, सोलवटलेली. ती पाहून या माणसानं ध्यासच घेतला. गडचिरोलीचा जिल्हा झाला त्या सुमारास केंद्राला प्रयोगांसाठी थोडा निधी आला. तो पुरेना, तेव्हा घरातली एकुलती सायकल मोडून त्यांनी पायानं चालणारं यंत्र उभं केलं. पुढं कितीतरी दिवस केंद्रात पायी जायचे आणि बाईचे टोमणे ऐकायचे. पण ती त्यावर बसली आणि दिवसभराचं सूत तिनं दुपारपर्यंत काढलं, तेव्हा भाऊजींचं हसू मावत नव्हतं. साहेब लोक फोटो काढून गेले, तशीच यंत्रं केंद्रातल्या बायकांना दिली. उत्पादकता वाढली म्हणाले.

वाढली खरी, पण कोसे काही वाढले नाहीत. कोशाच्या अळ्या ज्या ऐनाच्या झाडांवर वाढतात, ती झाडं तुटत चालली होती. अळ्यांना रोग लागत होता आणि त्यावर कुणी काही शोधत नव्हतं. यंत्रावरच्या बायका अर्ध्या दिवसात रिकाम्या होऊन रस्त्याची खडी फोडायला जाऊ लागल्या. भाऊजींनी अळ्यांवरच्या प्रयोगांसाठी हापिसात खेटे घातले. यंत्र झालं, योजना संपली, एवढंच उत्तर मिळालं. मला त्या साहेबांचा अजून राग येतो. भाऊजींना यायचा नाही.

"मी अर्धंच काम केलो, बाबू," ते म्हणायचे. "हात मोकळे केलो, पन त्या हातांले काम नाई देऊ शकलो."

शेवटी ते रजा टाकून स्वतःच रानात अळ्या पाळू लागले. तिथंच हिवतापानं धरलं, आणि त्यातून ते उठले नाहीत.

परवा पुन्हा गेलो. यंत्र ओसरीत होतं, पुसलेलं, तेल दिलेलं. त्याच्या शेजारी बाई लुगडं वर खोचून मांडीवर सूत घासत होती. मी चिडलोच.

"बाई, यंत्र असून हे काऊन करून राह्यली?"

तिनं मान वर केली नाही.

"यंत्रावर दुपारलेच संपते, बाबू. मंग सांजेपावतर मी का करू?"