गॅलरीतल्या अंबाडीची माती

कुवेतमध्ये माती विकत मिळते, असं मी गावी सांगितलं तेव्हा पारावरची तीन माणसं उठून निघून गेली. मी थापा मारतो हे त्यांना ठाऊक होतं, पण थापेलाही काही मर्यादा असावी, असं त्यांचं म्हणणं. पण ते खरं आहे. यापुढचंही बहुतेक खरंच आहे. आकार तेवढा माझ्या हातून वाढला असेल.

आम्ही कुवेतच्या सबाह अल-सालेम भागात राहतो. मी एक्स-रे काढतो, बायको नर्स आहे. तेव्हा तिला पाचवा महिना होता. ड्युटीवरून आली की ती सोफ्यावर पाय वर घेऊन पडायची आणि खिडकीतून येणारा धुळीचा पिवळा उजेड तिच्या पोटावर हळदीसारखा पसरायचा. सातवा संपायच्या आत तिला माहेरी जायचं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा नेम. म्हणजे अर्ध्या कुवेतची हाडं आतून बघितलेला मी, स्वतःच्या लेकराचं तोंड पहिल्यांदा मोबाईलवर बघणार होतो. ते मला खुपत होतं.

"इथं काय कमी आहे तुला?" मी विचारलं.

ती डोळे मिटूनच म्हणाली, "अंबाडी."

"आंध्रवाल्याच्या दुकानात गोंगुरा येतो की."

"लाल देठाची असते ती. आपली हिरव्या देठाची. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वरून लसणाची फोडणी. ते इथं मिळंना."

"आणि उगवली तर राहशील?"

तिनं एक डोळा उघडला. "अगोदर उगवून तर दाखवा."

बी घरात होतंच. सासूबाईंनी सुपारीच्या डबीत घालून दिलेलं. प्रश्न मातीचा होता. मी मास्तरांचा मुलगा, शेत पाहिलं ते एसटीच्या खिडकीतून. तरी जोशात इमारतीच्या मागची वाळू बादलीभर उपसली, कुंडीत भरली, पाणी घातलं. सकाळी कुंडीवर पांढरी साय आली होती. बोटाला लावून चाखली तर मीठ! एवढं मीठ, की त्या कुंडीवर आम्ही वर्षभराचं लोणचं घातलं असतं.

मग शुवैखच्या बाजूला रोपवाटिकांच्या रांगेत गेलो. तिथला बंगाली विक्रेता बोलण्यात माझा मोठा भाऊ शोभला असता. पीटमॉसचं पोतं थोपटत म्हणाला, "साब, इसमें चप्पल गाड दो, शाम तक जूता निकलेगा." मी पोतं उचललं. माती कसली, चहाची वाळलेली पूडच ती! हलकी इतकी, की पहिल्याच वावटळीत निम्मी उडून गेली. पुन्हा गेलो. त्यानं या खेपेला वाळू, पीटमॉस आणि मेंढ्यांचं कुजलेलं लेंडीखत असं मिश्रण सांगितलं आणि रासायनिक खताच्या निळ्या दाण्यांची एक पिशवी वर ठेवली. "ये थोडा. ज्यादा डालेगा तो पौधा पागल हो जाएगा."

आता, मला थोडं कधी जमलंय?

त्यात आमच्या ओळखीचा मालवणचा सुतार आला. शुवैखच्या कारखान्यात दारं-खिडक्या करतो, एकटाच राहतो, दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला असतो. मला डॉक्टर म्हणतो, मी नको म्हणत नाही. त्यानं कुंडीत बोट खुपसलं आणि तोंड वाकडं केलं.

"डॉक्टर, हेच्यात जीव खंय आसा? आमच्याकडे माडाच्या मुळात सुकी मासळी पुरतत. मी मासे धुतलेला पाणी आणतंय, ता घाल."

"माझी सासू माळकरी आहे हो."

"सासू खंय आणि कुंडी खंय! मधे समुद्र आसा."

तो दर शुक्रवारी बाटली आणू लागला. मी बायको ड्युटीवर असताना ती ओतायचो. आमच्या गॅलरीखाली मांजरं जमू लागली. आधी गल्लीतली, मग पलीकडच्या वस्तीतली. पार लांबच्या एगैला वस्तीतून बस करून आली असावीत, असा माझा दाट संशय आहे.

आणि अंबाडी आली. आधी दोन-दोन गोल पानं, लाजऱ्या मुलीसारखी. मग रोज सकाळी चहा घेऊन गॅलरीत बसलो की ती एकेक बोट वर सरकलेली. समोर धुळीत अर्धवट विरघळलेल्या इमारती, कुठून तरी अजान, कपबशीवर वाळूचा बारीक थर, आणि त्या सगळ्यात ही एकच हिरवी गोष्ट. तिच्याकडे बघता बघता मी किती वेळ बसायचो, मलाच कळायचं नाही. दुपारी डोळा लागला की स्वप्न पडायचं: अंबाडी छप्पर फोडून वर गेली आहे, तिच्या सालीचे दोर वळलेत, आणि शुवैखच्या बंदरातली सगळी जहाजं त्या दोरांनी आमच्या गॅलरीच्या कठड्याला बांधली आहेत. एक जहाज सुटू पाहतंय. त्यावर माझी बायको पोटावर हात ठेवून उभी आहे. मी दोर ओढतोय. दोर तुटत नाही, पण जहाज जवळही येत नाही.

जाग आल्यावर मी आणखी मूठभर निळे दाणे टाकायचो.

बायको म्हणायची, "अहो, खुडा की आता. कवळी असतानाच खुडायची असते."

"हात लावायचा नाही! कमरेएवढी झाल्यावर एकदम तोडणार."

"भाजी करायलात की मांडव घालायलात?"

कमरेएवढी झालीच ती. पण वर जाताना पानांनी रूप बदललं. खालची गोल होती. वरची चिरत गेली, लांब लांब बोटांची, कडेला करवतीसारखे दात. वाऱ्यानं हलली की हिरवे पंजे हलल्यासारखी दिसायची. मला ती फार देखणी वाटायची.

ती देखणी पानं खालून आमच्या इमारतीच्या हारिसला दिसली. हारिस म्हणजे राखणदार. इजिप्तचा, भुवया झाडूएवढ्या. तो वर आला, गॅलरीत उभा राहिला, पानांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दोन बोटं ओठांना लावून लांब झुरका ओढला.

मी पानांकडे नव्यानं बघितलं. खरंच की! हुबेहूब गांजा. या देशात त्या पानाला काय शिक्षा असते, ते इथं कोणी कोणाला सांगावं लागत नाही.

"मम्नू, दोक्तोर, मम्नू!" मनाई आहे, असं दारं-खिडक्यांकडे बघत तो कुजबुजला. संध्याकाळी इमारतीचा मालक येणार होता. त्याच्या आत हे गेलं नाही, तर त्याला सांगावंच लागेल, असं त्यानं अरबी, हिंदी आणि हातवारे मिळून समजावलं.

"ये सब्जी है! खाना!" म्हणत मी एक पान तोडलं आणि बकाबका चावून दाखवलं. त्यानं कपाळाला हात लावला. ओढणारे त्यानं ऐकले असतील. कच्चा चरणारा पहिलाच बघत होता.

एवढ्यात बायको ड्युटीवरून आली. तिनं एका नजरेत सगळं ओळखलं. पिशवी खाली ठेवली, एक पान तोडून हारिसच्या हातावर ठेवलं आणि रुग्णाला गोळी द्यावी तशी म्हणाली, "खाओ."

नर्सला कोण नाही म्हणतं? त्यानं टोक चावलं. भुवया वर गेल्या, डोळे मिटले, तोंड आक्रसलं. मग हळूहळू त्या चेहऱ्यावर काहीतरी उजळत गेलं.

"करकदे!" तो म्हणाला. पुन्हा चावलं. "करकदे!"

त्याच्या गावी लाल बोंडांचं आंबट सरबत करतात, त्याचं हे नाव. आमच्या अंबाडीची ती चुलत बहीणच. त्याची आई ते मातीच्या भांड्यात ठेवायची म्हणे. तो बराच वेळ कठड्याला टेकून उभा राहिला. धुळीपलीकडे त्याला नाईल दिसत असावी.

तरीही खालून बघणाऱ्या प्रत्येकाला पान चारत बसता येणार नव्हतं. आम्ही तिघांनी मिळून सगळी अंबाडी बुडख्यापर्यंत उतरवली. वरची पानं जून, दोरासारखी. बायकोनं निवडून निवडून कवळी तेवढी घेतली, तुरीची डाळ आणि कण्या घालून शिजवली, लसूण तडतडवला. हारिस भाजीचा वाडगा घेऊन खाली गेला. मालक आला तोवर पुरावा आमच्या पोटात होता.

बायकोनं पहिला घास घेतला. मी जहाजाचा दोर धरल्यासारखा ताटाची कड धरून बसलो.

"आईच्या हातची नाही ही," ती म्हणाली.

मी गप्प बसलो, हीच या गोष्टीतली सगळ्यात अविश्वसनीय बाब.

तिनं आणखी भाकर मोडली. "तिकडं जाऊन आईच्या हातची खायची, की आईलाच इकडं आणायचं, ते बघायला लागल."

"म्हणजे?"

"म्हणजे व्हिसाचं बघा." मग बोटं चाटत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि ते मासळीचं पाणी आजपासून बंद. माळकरी बाई आहे ती. मला काय मांजरं दिसत नाहीत?"

गॅलरीत उरलेल्या बुडख्यांना आठवड्याभरात नवे डोळे फुटले, गोल गोल पानांचे. या खेपेला ती खुडायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं. निळ्या दाण्यांची पिशवी कुठं गेली, ते मला अजून सापडलेलं नाही.