वीणा देतानाची उराभेट

सप्ताहाचं आमंत्रण घरोघर फिरायला लागलं की मला बरं नसायचं. ताप नाही, खोकला नाही, पण बरं नाही एवढं खरं. असे दोन सप्ताह मी टाळले. एरवी मी देवापासून लांब राहणारी बाई नाही. आणे पठारावरच्या आमच्या गावात विठ्ठलाचं देऊळ आमच्या ओट्यावरून दिसतं, आणि लग्न होऊन आल्यापासून माझ्या आवाजावाचून इथला काकडा कधी झाला नव्हता. पण पुण्याला माझं ऑपरेशन झालं, डावी छाती काढून टाकावी लागली, आणि मी देवावर रुसले. इतकी वर्षं तुझ्यापुढे घसा कोरडा केला त्याचं हेच का, असं त्याला ओट्यावरूनच विचारायचे आणि दार लावून घ्यायचे.

रुसवा हे एक कारण झालं. दुसरं कारण वीणा. सप्ताह चालू असेपर्यंत वीणा खाली ठेवायची नसते. कोणी ना कोणी ती गळ्यात अडकवून, नाम घेत देवापुढे उभं असतं आणि तासाभराने पहारा बदलतो. आमच्याकडे दुपारचे पहारे बायकांचे. वीणा पुढचीच्या गळ्यात घालायची, एकमेकींच्या पाया पडायचं आणि उराउरी भेटायचं, अशी रीत आहे. त्यात लहानमोठं बघत नाहीत. बांधावरून भांडलेल्या बायकासुद्धा तिथे एकमेकींना घट्ट भेटतात आणि बाहेर आल्यावर पुन्हा बोलत नाहीत. पूर्वी मला ही भेट फार आवडायची. आता तिचीच धास्ती बसली होती, कारण माझ्या ब्लाउजमध्ये डाव्या बाजूला मोहरी भरलेली कापडी पिशवी होती आणि गावात ते कोणालाच माहीत नव्हतं.

दवाखान्यातून घरी आणलं त्याच दिवशी सासूबाईंनी बजावलं होतं, "पोटाचं आप्रेशन व्हतं म्हनून सांग. घरात लग्नाची पोर हाय. लोकं रक्तात बघत्यात." त्यांचं मला पटलंही होतं. शिवाय लोकांनी कीव करावी हे माझ्या स्वभावात बसत नाही. धाकटी जाऊ सुमन आमच्यातून वेगळी होऊन मळ्यात राहते, तिलाही सासूबाईंनी पत्ता लागू दिला नाही. तिच्या पोटात काही राहत नाही, असं त्यांचं ठाम मत.

तिसऱ्या वर्षी मात्र माझी पळवाट बंद झाली. नेमकी कांद्याची काढणी आली, निम्म्या बायका रानात, आणि पहाऱ्याला माणूस कमी पडलं. पहारे लावणारे भाऊ दारात येऊन म्हणाले, "वयनी, तुमचा पहारा लावलाय. तुमच्या मागून सुमनवयनीचा. आता नाय म्हनू नका राव." मी मनातल्या मनात अंदाज बांधला. माझ्या आधी म्हातारी सखूबाई होती. ती थकलेली, नुसती खांद्याला खांदा लावते. नंतर सुमन. तिला उजव्या अंगाने भेटून पटकन बाहेर पडायचं. दोनच तर भेटी होत्या, निभावून नेऊ असं वाटलं.

सखूबाईची भेट निभावली. वीणा गळ्यात आली, बोटं तारेवर गेली, आणि रुसवा असूनही माझं मन थोडं शांत झालं. तास भरला. सुमनचा पत्ता नाही. सभामंडपात दोन म्हाताऱ्या खांबाला टेकून पेंगत होत्या, त्यांच्या अंगात वीणा पेलण्याचं बळ नव्हतं. बाकीच्या देवळामागे महाप्रसादाच्या भाकऱ्यांना बसलेल्या. हाक मारावी तर नाम तुटतं. छाती काढली की त्या बाजूचा हात सुजतो, म्हणून डाव्या हाताला ओझं नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं. वीणा एरवी जड नसते, पण उभ्या उभ्या तो हात भरून यायला लागला. बांगड्या मनगटात रुतल्या. खाली ठेवली तर सप्ताह मोडला म्हणून गाव वर्षभर बोलणार, आणि का ठेवली याचं कारण सांगायची माझी तयारी नव्हती. मी मूर्तीकडे पाहिलं आणि मनात म्हणाले, आता तूच बघ बाबा, माझ्याच्याने होत नाही.

तेवढ्यात एक बाई पायऱ्या चढून आली. साठीच्या आसपासची, उंच, दातांना मिसरी, हातात पिशवी. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. तिने देवाला हात जोडले, मग माझ्याकडे पाहिलं. तिची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती, हातावर होती. जवळ येऊन तिने सरळच विचारलं, "डावी बाजू का गं, पोरी?"

मी फक्त मान हलवली.

"माझी बी डावीच. हात बघूनच वळखलं." एवढं ती इतक्या मोकळ्या आवाजात म्हणाली, की पेंगणाऱ्या दोघी जाग्या झाल्या. "मी मढची. पाव्हण्यांकडं आलते, यष्टीला टाईम हाय म्हनून देवळात आले. आन ती वीणा हिकडं. तू बस जरा."

तिने वीणा माझ्या गळ्यातून काढून स्वतःच्या गळ्यात घातली. ती माझ्या पाया पडली, मी तिच्या पडले, आणि चुकवायला मी अंग आखडणार एवढ्यात तिने मला ओढून उराशी धरलं. तिनं काही पिशवीबिशवी घातलेली नव्हती. दडवायला तिच्याकडे काही नव्हतंच. ती थेट हाडाला हाड लावून भेटली. ऑपरेशन झाल्यापासून मला असं कोणी भेटलं नव्हतं. मी देवापुढे मटकन बसले आणि पोटभर रडले.

ती नाम घेत होती, आणि श्वास घ्यायला थांबली की मधेच माझ्याशी बोलत होती. "आमच्या गावात म्या सगळ्यांना सांगितलं. आपन काय चोरी केलीय व्हय? माझं ऐकून आमच्याकडची एक जन येळंवर डाक्टरकडं गेली. तू बी सांग. कुनाला तरी लागंल." पुढच्या पहाऱ्याची बाई येईपर्यंत ती उभी राहिली, आणि मग पिशवी उचलून स्टँडकडे निघून गेली. मी तिचं नावही विचारलं नाही. आमची सखूबाई म्हणते, विठाबाईच आली होती. मी म्हणते, ती मढचीच होती, मिसरीचा वास आला होता मला. पण त्याच वेळेला तिची एसटी कशी काय लांबली, यावर मी वाद घालत नाही.

हाताची सूज जरा उतरल्यावर मी देवळामागे गेले. बायका ओळीने भाकऱ्या थापत होत्या. सुमनही तिथेच, तव्यापुढे. पहारा चुकवून इथे बसलीय हे पाहून मला राग आला, पण तो गिळला आणि पीठ ओढून बसले. पहिली भाकरी थापता थापता बोलायला सुरुवात केली. पोटाचं काही नव्हतं, म्हणाले. काय होतं ते सांगितलं. गाठ कशी हाताला लागली, दुखत नव्हती म्हणून मी कशी अंगावर काढली, केस कसे गेले, मोहरीची पिशवी कशी शिवली, सगळं. थापट्यांचा आवाज थांबला. कोणाची तरी तव्यावरची भाकरी करपली. एक जण डोळे पुसायला लागली, तिला म्हटलं, रडू नको, मी जिवंत आहे, पीठ मळ. त्यावर सगळ्या हसल्या, आणि मग कोणी आईचं सांगितलं, कोणी बहिणीचं. सासूबाई कोपऱ्यात पीठ चाळत होत्या. चाळण बाजूला ठेवून म्हणाल्या, "बरं झालं. मलाबी लई जड झालं व्हतं."

हात धुवायला नळावर गेले तर सुमन मागून आली. भांडायचं तर आत्ताच, म्हणून मी वळले. तिनेच नळ बंद केला.

"आक्का, म्या मुद्दाम आले न्हाई पहाऱ्याला."

"का?"

तिने माझा ओला हात धरला आणि पदराखाली नेऊन ठेवला. हरभऱ्याएवढी, कडक गाठ. माझ्या बोटांना ती लगेच ओळखू आली. "दिवाळीपासून हाय," ती म्हणाली. "भेटताना तुमाला लागंल, कळंल, म्हनून आले न्हाई. घरात बी कुनाला सांगितलं न्हाई." जिच्या पोटात काही राहत नाही म्हणायचे, तिने एवढं दडवलं होतं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी पुण्याला गेलो. गाठ वाईटच निघाली, पण लहान होती. तेवढीच काढली, औषधं दिली. तिचेही केस गेले, आले. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा सुमन माझ्याकडे बघत होती आणि मी खिडकीबाहेर, कारण तिथे रडायचं नव्हतं.

गावात व्हायची ती चर्चा झाली. लेकीचं एक स्थळ मागे फिरलं. लेकच म्हणाली, अशा घरात गेले नाही ते बरं झालं. आता गावोगावच्या बायका मला हळूच बाजूला घेऊन विचारतात आणि मी मोठ्याने सांगते. देवावरचा रुसवा कधी गेला ते कळलं नाही. जे मी एवढं झाकून ठेवत होते, तेच त्याने माझ्याकडून मागून घेतलं आणि कामाला लावलं. त्याचं तो बघतो. आपण हातचं राखून ठेवू नये, एवढं मला समजलं. आणि मढच्या त्या बाईला, जिथे असेल तिथे, माझा दंडवत.

या वर्षी पुन्हा पहारा लागला, आधी माझा, मागून सुमनचा. ती वेळेच्या आधीच येऊन उभी राहिली. मी पिशवी घालणं कधीच सोडलंय. वीणा तिच्या गळ्यात घातली, एकमेकींच्या पाया पडलो. तिला ऑपरेशनच्या जागी धक्का लागेल म्हणून मी जरा अंतर ठेवूनच हात पुढे केले.

"आक्का," ती कानाशी म्हणाली, "नीट भेटा की."

मी वीणा बाजूला सारली आणि नीट भेटले.