सरळ पंखाच्या माश्या

धुळा मेटकरी मूळचे सांगोला तालुक्यातले, मेंढपाळ घरातले. सोलापुरातल्या एका कॉलेजात एकोणीस वर्षं ते फळमाश्यांचं अन्न शिजवत होते, मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट घालून. माश्या जुन्या बाटलीतून नव्या बाटलीत घालायच्या, कापसाचा बोळा बसवायचा, वर तारीख लिहायची, हेही त्यांच्याकडंच.

तिथल्या संशोधक वैजयंती मॅडम त्या माश्यांच्या अळ्यांतल्या मज्जापेशी बघत. एका जनुकावरून निघालेल्या आरएनएचे तुकडे निरनिराळ्या तऱ्हेनं जोडून माशी एकाच प्रथिनाचे अडतीस हजारांवर प्रकार बनवू शकते. प्रत्येक पेशीच्या वाट्याला त्यातले थोडेच येतात. पेशीच्या स्वतःच्याच दोन फांद्या भेटल्या की प्रकार जुळतात आणि त्या एकमेकींपासून लांब सरकतात. परक्या पेशीच्या फांदीवरून मात्र खुशाल जातात. मॅडमच्या खास वाणात सगळ्या पेशींना एकच प्रकार ठेवला होता. त्यामुळं शेजारची पेशीही आपलीच वाटायची, आणि फांद्या तिलाही टाळायच्या.

मार्चमध्ये त्या वाणाच्या अळ्यांत शेजारशेजारच्या पेशींच्या फांद्या, साध्या माशीत जातात तशा, एकमेकींवरून बिनदिक्कत गेलेल्या दिसल्या. मॅडमनी तीनदा बघितलं. मग विचारलं, "धुळामामा, बाटल्यांची अदलाबदल झाली का?"

"न्हाय."

"आठवून सांगा."

"आठवूनच सांगतोय की."

दुसऱ्या दिवशी बाटल्यांच्या कपाटाला नवं कुलूप होतं. धुळामामा खोलीत आले की मॅडम फोनवरचं बोलणं थांबवत. त्यांनी लिहिलेल्या तारखा पुन्हा ताडून बघत. घरी बायको अंबुबाईनंही विचारलं, "खरंच चुकलं न्हाय न्हवं?" तेव्हापासून त्यांना स्वतःच्या हातांचीच शंका येऊ लागली.

शेवटच्या चार पिढ्यांच्या बाटल्या न धुता ठेवायची त्यांची रीत होती. चौथ्या दिवशी त्यांनी त्या मॅडमच्या टेबलावर ओळीनं मांडल्या.

"ह्या वाणाचं पंख वर वळल्यालं असत्यात. भिंग लावून मोजा."

सगळ्यात जुन्या बाटलीत साठातल्या तीनच माश्या सरळ पंखाच्या निघाल्या. पुढच्या बाटलीत अकरा, मग तीस. शेवटच्या बाटलीत जवळजवळ सगळ्याच.

"बाटली बदलली असती तर एका फटक्यात सगळ्या सरळ दिसल्या असत्या," धुळामामा म्हणाले. "ह्या वाढत गेल्यात. भायेरची माशी आत शिरली. आपला वाण नाजूक, तिचीच पैदास वाढली."

"मग हे तुम्हाला आधी दिसलं नाही?"

"मला तारखा लिवायला सांगितल्यात. पंख बघायला न्हाय."

मॅडमनी पहिली बाटली फिरवून तारीख वाचली. अक्षर त्यांचं स्वतःचं होतं. त्या आठवड्यात धुळामामा गावी बिरोबाच्या जत्रेला गेले होते. बोळा मॅडमनीच बसवला होता, आणि तो एका बाजूनं सैल होता.

"माझ्याकडूनच झालं," त्या हळूच म्हणाल्या.

नवा वाण यायला सहा आठवडे लागले. तो आला त्या दिवशी मॅडम कुलूप काढायला निघाल्या.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "दोन किल्ल्या करा. आन् कपाट उघडंल त्यानं वहीत नाव लिवायचं. तुमीबी."

मॅडमनी वही आणली आणि पहिलं नाव स्वतःचं लिहिलं. त्या तारीख नीट घालतात की नाही, हे धुळामामा शेजारी उभे राहून बघत होते.