शमीमभाभींच्या गळ्याचं माप

सोमवार. सकाळी थंडी, दहानंतर स्वच्छ ऊन, वारा नाही.

काष्टीतल्या या दवाखान्यात मी पंचवीस वर्षं कंपाउंडर आहे. औषधांच्या रिकाम्या खोक्यांसारखे किस्सेही साचत जातात. शेवाळाचे मात्र वहीत एका जागी आहेत.

*

शमीमभाभी बाजारतळामागे ब्लाऊज शिवतात. गळ्याला सूज आली म्हणून तपासण्या केल्या. आयोडीन कमी पडतंय, जेवणात पाकिटातलं मीठ घ्या, तीन महिन्यांत सूज उतरली नाही तर ऑपरेशनचं बघू, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन ऐकून भाभी पांढऱ्या पडल्या. मग गळ्यात अडकवलेला टेप काढून तिथंच माप घेतलं.

"साडेचौदा इंच. लिहून ठेवा भाऊ, नाहीतर उद्या मीच घटवून सांगायची."

*

भाच्यानं रत्नागिरीहून वाळवलेलं समुद्री शेवाळ पाठवलं. त्यात आयोडीन भरपूर असतं, हे मोबाईलवर आलं होतं. भाभींनी ते मेथीसारखं निवडलं, लसणाची फोडणी दिली, वर शेंगदाण्याचा कूट.

सलीमभाईंनी, म्हणजे त्यांच्या मिस्टरांनी, एक घास खाल्ला आणि कढईत डोकावून विचारलं, "वास आलाय, मासा कुठं हाय?"

*

डॉक्टरांनी शेवाळ बंद करायला लावलं. त्यात आयोडीन असतं हे खरं, पण घासात किती जातं ते कळत नाही, आणि जास्त झालं तरी थायरॉईड बिघडतं. पाकिटातलं मीठ पुरे.

"तेच तर खातेय," भाभी म्हणाल्या. पण महिना झाला तरी टेप साडेचौदावरच!

*

बायकोचा ब्लाऊज आणायला गेलो, तर स्लॅबवर परातीत मीठ वाळत होतं. आयोडीनचंच, पाकिटातलं खडेमीठ. बाजारातल्या सुट्या मिठात कचरा असतो म्हणून ते धुवून वाळवायची त्यांच्या घरची रीत. पाकिटातलंही त्या तसंच धुवत होत्या. आयोडीन धुण्याच्या पाण्याबरोबर जातं, हे मी समजावलं.

सलीमभाई खाटेवरून म्हणाले, "मंग आमच्या मोरीचं थायरॉईड एकदम फिट असंल!"

डॉक्टरांनी तीन महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला सांगितले.

*

आज ते संपले. भाभींनी टेप गळ्याला लावला. डॉक्टर म्हणाले, टेपखाली बोट कशाला? शिवणाऱ्याच्या सवयीनं ढिलाईसाठी घातलेलं.

"त्या दिवशी बी हुतं," भाभी म्हणाल्या. "बोट तेच हाय, डॉक्टर. गळा बघा."

बोटासकट चौदा इंच. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल. ऑपरेशन नाही.