न चावलेला बूट

मिरजेत रहिमानभाईंच्या दुकानात तुम्ही पहिल्यांदा गेलात आणि तोंडावर रुमाल धरून हसलात, तर त्यात तुमचा दोष नाही. सगळेच हसतात. काचेच्या कपाटात वरपासून खालपर्यंत एकाच घाटाचे बूट मांडलेले. काळे, रुंद, पुढून गोल, लेस नाही, दोन्ही बाजूंना इलॅस्टिक. गल्लीतली कॉलेजची पोरं त्यांना बदकतोंडे म्हणतात. रहिमानभाईंच्या कानावर ते गेलेलं आहे. बदक चिखलातसुद्धा ऐटीत चालतं, तुमी दोन पावलं चालून दाखवा, एवढं बोलून ते पुन्हा कामाला लागतात.

असले बूट घेतं कोण? घेतात बाबा, चांगली शहाणीसुरती माणसं घेतात. ज्यांची पहिली वीस वर्षं अनवाणी गेली, त्यांची बोटं अशी फाकलेली असतात की शहरी बुटात ती एकमेकांच्या उरावर बसतात. कुणाचं पोट सुटलेलं. त्याला मशिदीच्या पायरीशी, देवळापाशी, पाव्हण्याच्या उंबऱ्याशी दिवसातून दहादा वाकून लेस सोडायची म्हणजे शिक्षाच. लालासाहेब म्हणून एक तालेवार गिऱ्हाईक आहे, त्यांचं तर सरळ म्हणणं, लग्नात चांगला बूट घालून गेलं की येताना अनवाणी यावं लागतं, हा बूट मात्र चोरसुद्धा हातात घेऊन परत ठेवतो. फॅशन कळत नाही म्हणून कुणी असले बूट घालत नाही. माणसाला आपला पाय कळतो, म्हणून घालतो. ज्यांना हे पटत नाही त्यांनी खुशाल टोकदार बूट घालावेत आणि घरी जाऊन पाय गरम पाण्यात सोडून बसावं.

शिवाय रहिमानभाईंची रीत निराळी. गिऱ्हाइकाला कागदावर उभं करायचं, पावलाभोवती पेन्सिल फिरवायची, त्यावर नाव घालायचं. बूट झाला की पायात चढवायला लावायचा, समोर पाटावर बसायचं आणि विचारायचं, "कुठं चावतंय?" गिऱ्हाईक बोट दाखवील तिथं खडूची खूण. मग तेवढीच जागा ओली करून पावलाच्या घाटाच्या लाकडी फर्म्यावर ठोकून सैल करायची. नवा बूट पहिल्यांदा चावलाच पाहिजे, हा त्यांचा कायदा. नाही चावला तर तो ढगळ झाला, आणि ढगळ बूट म्हणजे कारागिराची अब्रू गेली.

बिराप्पा हे त्यांचं तीस वर्षांचं गिऱ्हाईक. माण तालुक्यातला धनगर. पूर्वी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरायचा, मिरजेच्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवायचा. एकदा पायात काटा मोडून चिघळला, तेव्हा कुणीतरी त्याला या दुकानात आणलं. रहिमानभाईंनी त्याचा पाय मांडीवर घेऊन बघितला आणि म्हणाले, "गड्या, ह्यो पाय न्हाई, ह्यो नांगर हाय." तेव्हापासून दोघांचं जुळलं. आता बिराप्पा फिरस्ती करत नाही. दहिवडीजवळ डाळिंबाची बाग आहे, हौसेपुरती चाळीसेक मेंढरं आहेत. तरी दोन वर्षांतून एकदा एवढा लांबचा प्रवास करून तो मिरजेला यायचाच. बूट घ्यायला म्हणून यायचा आणि अर्धा दिवस बोलत बसायचा. अलीकडं चहा तेवढा बिनसाखरेचा मागायचा, साखर निघालीय म्हणायचा. रहिमानभाईंच्या बायकोला, मेहरुनबींनाही साखर होती, त्यामुळं त्यात त्यांना नवल वाटलं नाही.

या खेपेला तो मुलाला घेऊन आला. मुलगा राजवर्धन, पुण्यात कंपनीत. त्याचं लग्न ठरलेलं.

"चाचा, आबांना बूट करायचाय. पण असला नको," राजवर्धननं मोबाइल पुढं केला. तपकिरी, चकचकीत, पुढून निमुळता बूट. "हल्ली असले कुणी घालत नाही. पुण्याचे पाहुणे येणार, फोटो निघणार. आबांनी एक दिवस तरी रुबाबात दिसावं."

पोरगं वाईट नव्हतं हो. बापाच्या हौसेनंच बोलत होतं. पण रहिमानभाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"ह्याच्या पायाला ह्ये बसणार न्हाई," ते म्हणाले.

"तुम्हाला जमत नसेल तर पुण्यात बघतो."

झालं. जमत नसेल, हा शब्द काही माणसांसमोर काढू नये. चाळीस वर्षांच्या हाताला कुणी असं म्हणावं? त्यांनी बिराप्पाकडं बघितलं. बिराप्पा जमिनीकडं बघत म्हणाला, "करा की, रहिमानभाई. पोरानं आजवर काय मागितलं न्हाई."

रहिमानभाई हट्टाला पेटले. कुठून तरी निमुळता फर्मा पैदा केला, आठ दिवस दुसऱ्या कामाला हात लावला नाही. लग्नाच्या तीन दिवस आधी बिराप्पा एकटाच बूट न्यायला आला. बूट असा झाला होता की रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. बिराप्पानं तो पायात चढवला, दुकानात दोन फेऱ्या मारल्या.

"कुठं चावतंय?" खडू हातात धरून रहिमानभाईंनी विचारलं.

"कुटंच न्हाई."

"नीट बघ."

"न्हाई चावत, रहिमानभाई. लोण्यावानी हाय."

रहिमानभाईंची छाती फुगली. असल्या पायाला असला बूट, आणि पहिल्याच झटक्यात. त्या दिवशी शेजारच्या तीन दुकानदारांना त्यांनी हे बोलावून सांगितलं. आपल्याच कायद्याचा त्यांना विसर पडला. कौतुक फार वाईट, ते माणसाला आंधळं करतं.

लग्नाचं आमंत्रण होतं, पण लांबचा पल्ला आणि गुडघे दुखणारे, म्हणून ते जाणार नव्हते. लग्नाच्या दिवशी सकाळी न्याहारीला बसले असताना तीच बढाई त्यांनी मेहरुनबींना चौथ्यांदा ऐकवली. मेहरुनबी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "नवा बूट आन चावला न्हाई? मग तुमी चाळीस वर्सं लोकांस्नी उगंच इचारत बसला व्हय?"

बोलणं थट्टेचंच होतं. पण रहिमानभाईंचा घास हातातच राहिला. ते उठले, तसेच दुकानात गेले, बिराप्पाच्या पावलाचा कागद काढला आणि त्यावर तो निमुळता फर्मा ठेवला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही अर्धी अर्धी फर्म्याच्या बाहेर राहत होती. हा बूट चावायलाच हवा होता. बिराप्पानं पहिल्या पावलाला ओरडायला हवं होतं. आणि तो लोण्यासारखा आहे म्हणाला.

तेव्हा त्यांना तो बिनसाखरेचा चहा आठवला. साखरेनं बधिर झालेले पाय मिरजेत राहणाऱ्याला नवे नाहीत. दवाखान्यांच्या दारात रोज दिसतात, कुणाचं बोट गेलेलं, कुणाचं निम्मं पाऊल. खडा रुतला तरी माणसाला कळत नाही, कळतं तेव्हा पाय काळा पडलेला असतो. आणि बिराप्पा आज पहाटेपासून त्या बुटात उभा असणार. तो लग्नघरचा यजमान, बसणार कुठला? फोन लावला तर नुसता वाजत राहिला. लग्नघरात फोन कोण उचलतंय.

"मी दहिवडीला चाललो," ते मेहरुनबींना म्हणाले.

"आत्ता? जेवून तरी—"

"त्याचा पाय जाईल, मेहरुन. माझ्या हातानं जाईल."

मेहरुनबींनी पाण्याची बाटली भरून हातात दिली.

एसटीनं विटा, मायणी करत दहिवडी गाठायला दुपारचा एक वाजला. गुडघ्याचं दुखणं त्यांना त्या दिवशी जाणवलंच नाही. वाटेत सगळा वेळ ते स्वतःला शिव्या घालत होते. पोरानं डिवचलं म्हणून काय झालं, पोरं डिवचणारच. आपण पांढऱ्या दाढीचे, आपल्याला अक्कल नको?

कार्यालयात अक्षता पडून गेल्या होत्या, पंगती बसल्या होत्या. स्टेजवर राजवर्धन आणि त्याची नवरी स्वप्नाली यांचे फोटो चालले होते. कोट आणि पिवळा फेटा घातलेला बिराप्पा पंगतीतून फिरत होता. सावकाश जेवा, पुरी घ्या, लाजू नका. चालण्यात कुठं लंगडणं नाही, तोंडावर दुखण्याचा मागमूस नाही. तेच बघून रहिमानभाई जास्त घाबरले.

"आवं, रहिमानभाई! येतो म्हणला न्हाई ते. चला, आदी जेवून घ्या."

"आधी तू बस."

"बसतो की. पाव्हणं जेवूंद्यात—"

"बिराप्पा, खाली बस," ते असं ओरडले की दोन पंगतींचे हात थांबले. कुणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची पुढं सरकवली. रहिमानभाई सगळ्यांदेखत त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी त्याच्या डाव्या पायातला बूट काढला. मोजा काळा होता, म्हणून दिसत नव्हतं. हात लावला तर ओला. मोजा काढला तेव्हा करंगळीची कड सोलून निघालेली, बुटाच्या आतलं अस्तर लाल झालेलं.

बिराप्पा वाकून बघत राहिला. "दुखत न्हाई पर," तो हळूच म्हणाला, कुणीतरी आळ घेतल्यासारखा.

राजवर्धन स्टेजवरनं धावत आला. मांडी घालून रहिमानभाईंच्या शेजारी बसला आणि त्यानं बापाचं पाऊल हातात घेतलं. शेरवानीवर डाग पडत होते. "चाचा, मी हट्ट केला," तो म्हणाला.

"तू पोरगा हाईस. मी कारागीर हाय. चूक माझी," रहिमानभाई म्हणाले.

गावच्या डॉक्टरांनी जखम धुऊन बांधली आणि मिरजेला न्यायला सांगितलं. तिथल्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. करंगळी वाचेल, पण चार दिवस उशीर झाला असता तर नुसत्या करंगळीवर भागलं नसतं, असं मोठे डॉक्टर म्हणाले. आठ दिवस पलंगावरून उतरायचं नाही. संध्याकाळी रहिमानभाई डबा घेऊन गेले. बिराप्पाची बायको अंबूबाई उशाशी स्टुलावर बसली होती. लग्नातलंच लुगडं अजून अंगावर.

रहिमानभाईंनी डबा ठेवला आणि इतका वेळ मनात साठलेलं विचारून टाकलं. "दोन वर्सांमागं तू मला अंगठ्यापाशी चावतंय म्हणलास. मी तिथं ठोकून दिलं. खरं चावत होतं?"

बिराप्पानं मान हलवली. "अंदाजानं सांगितलं. तुमी एवढं इचारता, मग काय तरी सांगाय पायजे का न्हाई? ह्या खेपेला लगीन तोंडावर आलेलं, म्हून न्हाई चावत म्हणलो."

"कवापास्नं हाय ह्ये?"

"झाली आसतील तीन वर्सं."

"आन कुणाला बोलला न्हाईस?"

"बोलून काय करू? पोरं म्हणणार, मेंढरं इका, घरात बसा. जलमभर चाललोय, रहिमानभाई. दुसरं काय येतंय मला?"

रहिमानभाईंना त्याला चार शिव्या द्यायच्या होत्या. पण त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत.

"चाळीस वर्सं रोज ह्येंचं पाय दाबत्ये मी," अंबूबाई रहिमानभाईंना म्हणाली. "ह्ये बास झालं म्हणायचं, की मी हात काढायची."

ती उठून पायथ्याशी गेली. बिराप्पा छताकडं बघत पडला होता. तिनं त्याचा उजवा, धड पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्यापासून एकेक बोट दाबू लागली, चांगलं जोर लावून. बिराप्पा छताकडंच बघत होता.

"बास झालं का?" तिनं विचारलं.

तेव्हा कुठं त्यानं मान उचलून खाली बघितलं, आणि आपला पाय तिच्या मांडीवर आहे हे त्याला दिसलं.